समोरून पाहायचं नाटक

माझा बा वर्ध्याच्या जुन्या थेटरात वीस वर्षं पडदा ओढायचा, आणि त्यानं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. हसू नका, खरंच सांगते. विंगेच्या अंधारात दोर धरून उभं राहायचं. शिट्टी वाजली की पडदा पाडायचा, पुन्हा वाजली की उचलायचा. राजाची पाठ अन् राणीची पाठ, एवढंच त्याच्या वाट्याचं नाटक.

थेटर इंग्रजांच्या वेळचं. लोखंडी खांब, वर टिनाचं छप्पर, बायांसाठी वेगळी गॅलरी. खेळाआधी स्टेजवर पूजा होऊन नारळ फुटायचा, तेवढा वेळ बाला मागच्या दाराबाहेर काढत. मग खोबऱ्याचा तुकडा त्याच्या ओंजळीत वरून टाकत, हात लागू नये म्हणून. आमची वस्ती नागपूरला दीक्षा घेऊन आली आणि बानं काम सोडताना मॅनेजरला सांगून टाकलं, "साहेब, आता वरून टाकलेलं घेनार नाई." मॅनेजर म्हणाला, "मग नको घेऊ ना बाप्पा, त्यासाठी काम काऊन सोडतं?" त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बा जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागला.

पुढच्या वर्षी एक नाटक कंपनी आली. रविवारी दुपारचा एकच खेळ होता. बा म्हणाला, "एक डाव खुर्चीवर बसून पुरं नाटक पाह्यचं हाय मले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत." मायनं तांब्यात निखारे घालून त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि बजावलं, "पुढच्या दारानं जा. मागून गेले तं माह्या घरात येऊ नका."

दारावरचा माणूस ओळखीचा होता. "अरे गड्या, तिकीट काऊन काढलं? मागून जायचं ना!" तो बिचारा मायेनंच बोलला. बानं तिकीट पुढं केलं, "आज समोरून." मला केवढा अभिमान वाटला! तेरा वर्षांची होते मी.

मी वर बायांत बसले. खाली बाची खुर्ची मला नीट दिसत होती. पडदा उठला आणि बाचं तोंड उघडंच राहिलं. शेजारचे हसले की तो हसायचा, नायिका रडली की उपरण्यानं डोळे पुसायचा. मी स्टेजकडं पाहतच नव्हते, बाकडंच पाहत होते.

पहिला अंक संपला. नायिका बेशुद्ध होऊन पडली, शिट्टी वाजली, पण पडदा काही पडेना. नवा ओढणारा बिडी प्यायला बाहेर गेला असेल मेला. नायिका एक डोळा किलकिला करून पाहू लागली. लोक खिदळले. दुसरी शिट्टी वाजली, आणि माझा बा उठला.

कोणी हाक मारली नव्हती. मी वरून ओरडले, "बा, बस ना! बस!" बायांनी मला दटावलं. खुर्च्यांमधून वाट काढत तो गेला, पायऱ्या चढला, विंगेत दिसेनासा झाला. पडदा सरसर खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट पाहत राहिले. दुसरा अंक सुरू झाला, तिसरा झाला. एका शेठजीनं बाच्या खुर्चीवर आपली छत्री ठेवली. रागानं मला रडू फुटत होतं, तरी मी एकटीनं सगळं नाटक पाहिलं.

बा मागच्या दारातून बाहेर आला. मॅनेजर त्याला म्हणत होता, "बरं झालं तू होता, नाईतर आज पुरा वांधा झाला असता." घरी जायला बोरगावच्या रस्त्याला लागल्यावर मी तोंड सोडलं.

"तुले कोनं बोलावलं होतं?"

"कोनंच नाई पोरी. शिट्टी वाजली, अन् उठून गेलतो. मलेच समजलं नाई. मंग दोर धरून सारे कान शिट्टीकडंच, नाटक काई ध्यानात आलं नाई." थोडं चालल्यावर त्यानं हळूच विचारलं, "ते बाई जगली का वं शेवटी?"

मला सांगता आलं असतं. रस्ता लांब होता. पण मी म्हणाले, "मले काय विचारतं? खुर्ची होती ना तुले!"

बा पुढं चालू लागला.

घरी मायनं भाकर वाढली आणि हौसेनं विचारलं, "सांगा ना, काय होतं नाटकात?" बानं पहिला अंक रंगवून सांगितला. नायिका पडली तिथवर आला.

"मग पुढं?" माय म्हणाली.

बानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून भाकर चावत राहिले.

"पुढं मले झोप लागली," बा म्हणाला.

"अवं माय! तिकीट काढून झोपले!" माय पोट धरून हसली. तोही हसला.

बाला दुसरं नाटक पाहायला मिळालं नाही. त्या नाटकाची गोष्ट मला अजून शेवटपर्यंत पाठ आहे. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी सांगितली नाही.