आमच्या सोसायटीत इंटरनेट आलं तेव्हा

द्राक्षाच्या बागेत औषधाची पावडर मारून आल्यावर कितीही आंघोळ केली तरी ती कानामागे थोडी राहतेच. सोसायटीतले किस्से माझ्या अंगावर तसेच राहिलेत. एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप खाली पडतो. परवा नातू मोबाइलवर क्रिकेट बघत होता. चित्र जरा अडकलं तर म्हणाला, "शी! काय स्लो नेट आहे!" मला एकट्यालाच हसू फुटलं. स्लो म्हणजे काय, ते या पोराला कोण सांगणार!

आमचं गाव दिंडोरीकडचं. तिथं द्राक्षवाल्यांची सोसायटी होती आणि मी तिचा शिपाई. झाडायचं, चहा ठेवायचा, निरोप द्यायचे. चेअरमन होते तात्या. माणूस मनानं मोठा, पण आवाज मनाच्या आधी पोचायचा. क्लार्क होता माधव. गुणी पोरगा, बीकॉम झालेला, पण तिशीच्या आतच डोक्यावरचं सगळं गेलेलं. त्यामुळं लग्न जमत नव्हतं. त्याची आई रोज मला विचारायची, "पुंजाभाऊ, तुमच्या बघण्यात हाय का कोणी?" माझ्या बघण्यात कोण असणार! बघण्यात होती ती चहाची किटली.

त्या साली सोसायटीत कॉम्प्युटर आला. नाशिकच्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून यायचं. म्हणजे, आलं तर यायचं!

*

पहिल्या दिवशी पूजा झाली. हार घातला, कुंकू लावलं. उदबत्ती लावायला जागा दिसेना. तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं, फ्लॉपीची फट दिसली, आणि दोन उदबत्त्या दिल्या खोचून. एकदम घट्ट बसल्या.

"कंपनीनं सोय चांगली केली हाय," तात्या म्हणाले.

पुढं मशीन अडलं म्हणून नाशिकचा मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "आत राख कशी काय?"

तात्या म्हणाले, "राख म्हणू नका. अंगारा हाय."

*

नेट जोडताना कॉम्प्युटरच्या डब्यातून काय आवाज यायचा! आधी टूंटूं, मग किंचाळल्यासारखं, मग खरखर. शेजारची सखूमावशी पहिल्यांदा पळतच आली होती, "आरं, मांजर कशात आडकलं?"

तात्यांना वाटायचं, पलीकडं कोणीतरी माणूस आहे. माधवनं नेट जोडलं की ते त्याच वायरीवरचा फोन उचलायचे. त्यांनी फोन उचलला की नेट तुटायचं. माधव पुन्हा जोडायचा, तात्या पुन्हा उचलायचे.

"तात्या, नका ना उचलू!"

"आरं, तो एवढा वरडतोय, त्याचं कोणी ऐकून तर घ्या!"

एकदा तर त्यांनी कानाला लावून त्याला चांगलं दमात घेतलं, "हॅलो! एक एक शब्द बोला!" तेवढ्यात लाइन गेली. तात्या खूश. म्हणाले, "बघ, कसा गप झाला."

*

तोच फोन अर्ध्या गावाचा होता. कोणाचे पाहुणे, कोणाचे जावई, सगळे सोसायटीत फोन करायचे आणि मी बोलावायला पळायचो. नेट चालू असलं की फोन एंगेज.

एकदा दुपारभर माधव नेटवर बसला होता. संध्याकाळी भाऊसाहेब तणतणत आला. त्याची बायको माहेरी इगतपुरीला बाळंतपणाला गेलेली.

"मला पोरगं झालं! आन् मला ते कोणी सांगितलं? येष्टीच्या कंडक्टरनं! सासरे दुपारपासून फोन लावून ऱ्हायलेत!"

माधवचं तोंड उतरलं. तात्या मात्र शांत. "कंडक्टर कुठं हाय?"

"गेला गाडी घेऊन. का?"

"आरं, पहिला पेढा त्याचा. आमी दुसऱ्यावर भागवू."

*

कॉम्प्युटर घेतला होता हवामान बघायला. द्राक्षाला अवेळी पाऊस म्हणजे जीवाला घोर. फवारणी करायची की थांबायचं, हे आधी कळायला हवं.

एका सकाळी आभाळ आलं. सगळे बागाईतदार ऑफिसात गोळा. माधवनं हवामानाचं पान उघडलं. निळी पट्टी आली. मग बराच वेळ काहीच नाही. मी चहा केला. नकाशाची वरची कड आली. मी कप धुतले. नकाशा गुजरातपर्यंत आला. बाहेर टपटप सुरू झालं. लोक धोतरं सावरत तोडलेल्या मालावर प्लास्टिकचा कागद टाकायला पळाले, भिजून परत आले, तोवर नकाशा नाशिकपर्यंत उतरला होता. खाली लिहिलेलं, पावसाची शक्यता.

तात्यांनी डोक्यावरचं पाणी निपटलं आणि स्क्रीनवर थाप मारली.

"खोटं नाय बोलत बरं का!"

*

आता माधवचं. मुलगी बघायला जाताना तो टोपी घालायचा. टोपी त्याला शोभायचीही. एका ठिकाणी सगळं जुळत आलं होतं. पोहे झाले, मुलीच्या आजीला नमस्कार करायला हा वाकला आणि टोपी पडली ती आजीच्या मांडीत! आजीनं आधी टोपीकडं पाहिलं, मग डोक्याकडं. म्हणाली, "अगं बाई, झाकण निघालं!" तिथून नकारच आला.

 परतताना जीपमध्ये माधव टोपी हातात घेऊन बसला होता. तात्या म्हणाले, "आता टोपी बंद. जे हाय ते आधी दाखवायचं. मग ज्याला यायचं त्यानं यावं."

पुढचं स्थळ सटाण्याकडचं होतं. मुलगी मनीषा, बालवाडी चालवायची. भावाचं एसटीडीचं दुकान, तिथंही असाच एक कॉम्प्युटर. मी म्हणालो, फोटो पोस्टानं पाठवू. तात्या भडकले, "मग हे खोकं काय पापड वाळवायला घेतलंय?"

माधवनं नाशिकला सीबीएस स्टँडजवळच्या स्टुडिओत उघड्या डोक्यानं फोटो काढला आणि फ्लॉपीत घालून आणला. सगळ्या गावाला ताकीद दिली, फोनला हात लावायचा नाही. मी स्वतः फोनपाशी उभा राहिलो. फोटो गेला.

आणि उत्तर काही येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. माधव रोज नेट जोडायचा, बघायचा, बंद करायचा. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायला लागला. मी त्याच्या चहात साखर जास्त टाकायचो. तेवढंच माझ्या हातात होतं. एकदा हळूच म्हणाला, "पुंजाभाऊ, टोपीत निदान पोहे तरी मिळत होते."

मग एका दुपारी ऑफिससमोर जीप थांबली. आतून मनीषाचे वडील, भाऊ आणि खुद्द मनीषा उतरली. ना निरोप, ना काही! माधवनं खिडकीतून पाहिलं आणि तो खुर्चीतच खाली सरकला. कॉम्प्युटरचा तो मोठा टीव्हीसारखा डबा, त्याच्यामागे पुरता गेला. वर दिसत होतं फक्त टक्कल.

तात्यांनी पाहुण्यांना बसवलं आणि जरा तोऱ्यातच विचारलं, "फोटो मिळाला नव्हता का?"

भाऊ ओशाळला. "मिळाला ना. पण तो वरून उघडतो. कपाळापर्यंत येतो आणि आमची लाइन जाते. परत लावली, परत कपाळ. रोज तेच. आमची आई तर विचारायला लागली, पोऱ्याले तोंड शे ना?"

तात्यांचा तोरा पार उतरला. असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मनीषा उठली. टेबलासमोर जाऊन उभी राहिली. डब्याच्या वर चमकणाऱ्या त्या टकलाकडं तिनं नीट पाहिलं.

"एवढं आमचं बघून झालंय," ती म्हणाली. "पसंत आहे. पुढचं दाखवा."

 माधव वर यायला लागला, हळूहळू. आधी कपाळ आलं. मग भुवया. मग डोळे आले, आणि समोर तिला बघून तिथंच थांबले.

तात्या ओरडले, "आरं पुरता उठ, लाइन जायच्या आत!"