आत्यांना न दिसणारी माणसं

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोनमध्ये तोंड घातलेलं माणूस दिसत नसे. टोमणा म्हणून नव्हे हो, खरंच दिसत नसे. डोळे तर असे, की त्या वयातही सुईत दोरा स्वतः ओवायच्या, तांदळातला खडा लांबून टिपायच्या. पण मी बाहेरच्या सोप्यात फोन बघत बसलेली असले, की येऊन थेट माझ्या मांडीवरच बसायला निघायच्या.

लग्न होऊन वाईजवळच्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी हा प्रकार पाहिला. नवरा पुण्यात नोकरीला. आमच्या वाटेवरचं खंडाळा सोडलं की त्यांचा फोन यायचा आणि आत्या भाकरी थापायला घ्यायच्या. त्या दिवशी हे जेवायला बसले ते फोन हातात धरूनच. आत्यांनी मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि ह्यांच्या वाटणीची भाकरी टोपल्यात झाकून ठेवली. "त्यो आला म्हंजी दे त्याला," मला म्हणाल्या. हे समोरच बसलेले! ते हसले. मला काही हसू आलं नाही.

शेजारणी म्हणायच्या, म्हातारी लय बेरकी हाय, नाटक करतीया. मलाही तसंच वाटे. सासूचं सोंग सुनेला कळत नाही होय? पण एका दुपारी मी उंबऱ्याशी बसून रील बघत होते. घरात आम्ही दोघीच. आत्या देवापुढं बसल्या आणि बोलायला लागल्या, घरात कुणी नसताना एकटं माणूस बोलतं तसं.

"मालकास्नी नेलंस, पोरगं पुण्यात. सून बी कुठं गेली, सांगून न्हाई गेली. घर खाया उठतंय बघ."

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. स्वतःच्याच घरात मी मेल्यासारखी बसले होते. उठून फोन तांदळाच्या डब्यात कोंबला, तशा त्या वळल्या. "आलीस व्हय वैशाली? बस, च्या टाकते."

तेव्हापासून फोन डब्यातच. वाजला तर काढायचा, बोलायचं, परत ठेवायचा. सुरुवातीला हात नुसता शिवशिवायचा, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू आत्यांच्या बोलण्याची गोडी लागली. मामंजी पलटणीत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. "पर आला की त्यो सगळाच्या सगळा हितं असायचा," असं सांगताना आत्या ह्या वयातही लाजायच्या.

यंदा थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एकच ध्यास उरला होता, लेकाला बघायचं. हे सुट्टी काढून आले, पायाशी बसले, पण ऑफिसचे मेसेज काही थांबेनात. आत्या मलाच विचारायच्या, "माझा इकास कवा येनार गं?" हे म्हणायचे, आई, हा काय मी. एक डोळा आईकडं, एक फोनकडं. त्या त्यांच्यातून आरपार भिंतीकडं बघत राहायच्या. मग त्यांना धाप लागली, आणि माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या हातातला फोन हिसकावून घेतला.

"त्या जायला निघाल्यात. तुम्ही कधी येणार?"

हे पुढं सरकले. मग आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसते बघत राहिले.

"कवा आलास रं?" आत्या म्हणाल्या. किती दिवसांनी हसल्या! मी डोळे पुसत फोन बाहेर ठेवायला निघाले. उंबऱ्यात तो हातातच थरथरला. कुणाचा म्हणून मी खाली पाहिलं, बस्स, तेवढंच.

"आन् वैशाली?" मागून आत्यांचा आवाज आला. "ती न्हाई का आली?"

"येईल, आई," हे म्हणाले. आईवरची नजर काही त्यांनी काढली नाही.

मी फोन टाकून धावले, आत्यांचा हात धरला, आत्या, आत्या म्हणून हाका मारल्या. डोळे उघडेच होते, माझ्याकडं लागलेले. ह्यांनी ते हळूच मिटले.