सुदामनं नको म्हटलेला फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, तो सुदाम यंदाच्या थंडीत गेला — छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आता तुम्हाला सांगतोय. का तुम्हाला? माहीत नाही. तुम्ही त्याला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आधी सुदाम कोण ते सांगतो. म्हणजे मलाही जरा वेळ मिळेल.

तो अवसरी बुद्रुकचा. नारायणगावात आमच्या कापडदुकानासमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण आजोबांच्याही आधीपासून इथंच आहे. तरी सुदाम मला नावानं कधी हाक मारायचा नाही. ‘शेट’ म्हणायचा. मी पेपरला बातम्या पाठवायचो, तो फोटो. जुन्नर आणि आंबेगाव असे दोन्ही तालुके आम्ही त्याच्या मोटरसायकलवर पालथे घातले.

पेपरात फोटो छापून आला की बाकीच्यांचं काम संपायचं. त्याचं नाही. ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रत नेऊन द्यायची, हा त्याचा हट्ट. एकदा घाटघरला भातलावणी करणाऱ्या एका म्हातारीचा फोटो छापला गेला. हा मुद्दाम फ्रेम करून तेवढ्या लांब घेऊन गेला. म्हातारी फोटोकडे बघून म्हणाली, “माझं दात न्हाईत ते दिसतंय. दुसरा काढ.” त्यानं दुसरा काढला, तोंड मिटलेला, आणि तोही नेऊन दिला. असा माणूस. कुठल्याही गावात गेलो की त्याला चहा आधी मिळायचा, मला मागनं.

तर अशा माणसाची शोकसभा होती. शाळेच्या सभागृहात बसायला जागा उरली नाही. आणि जो उठला तो एकच गोष्ट बोलला — सुदाम फार हळव्या मनाचा फोटोग्राफर होता. अपघात असो, मयत असो, रडत्या माणसावर त्यानं कॅमेरा रोखला नाही. कॅमेरा पिशवीत टाकायचा आणि त्या माणसाला पाणी आणून द्यायचा. खोटं नव्हतं ते. मी स्वतः कितीदा पाहिलंय. पण एकानंही विचारलं नाही, की हे कधीपासून? आधीपासून तो असा होता का?

नव्हता. आधी तो सगळ्यांचे फोटो काढायचा. तो असा झाला तो माझ्यामुळं. आणि त्याचंच कौतुक चाललं होतं, एकामागून एक, माईकवर. मला चीड येत होती. बोलणाऱ्यांची — पण त्यांचा काय दोष? मग मीही उठलो. मीही तेच बोललो. तेच शब्द.

बघा, अजूनही मी आडवळणानंच चाललोय. आता सांगतो.

बऱ्याच वर्षांमागची गोष्ट आहे. निमगाव सावाच्या शिवारात बिबट्यानं एक लहान मुलगी उचलली. आई घराच्या मागं गुरांसाठी घास कापत होती, मुलगी अंगणात खेळत होती, अंगणाला लागूनच ऊस. आई अंगणात परत आली तेव्हा मुलगी नव्हती. रात्रभर सगळं गाव बॅटऱ्या घेऊन उसात हिंडलं आणि सकाळी ती सापडली. मुलीचं नाव मी इथं लिहीत नाही. आईचंही नाही. तेव्हा छापलं होतं, तेवढं पुरे.

आम्ही पोचलो तेव्हा वनखात्याची माणसं पिंजरा उतरवत होती. माणसं चिडलेली, ओरडत होती. मी कुणी काय म्हटलं ते लिहून घेत होतो. सुदाम पिंजऱ्याचे, गर्दीचे फोटो काढत होता. आई बांधावर बसली होती. मुलीची एक चप्पल तिच्या हातात होती आणि त्या चपलेचा निघालेला पट्टा ती परत भोकात बसवायला बघत होती. तो बसत नव्हता. ती रडत नव्हती, कुणाकडं बघत नव्हती. फक्त तो पट्टा.

सुदामनं फोटो काढला. सवयीनं काढला. मुलीच्या चुलत्यानं ते पाहिलं आणि तो धावत अंगावर आला. सुदाम मागं सरला नाही. कॅमेरा खाली घेतला, आईपाशी जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, “ताई, ह्यो फोटो पेपरात जाणार न्हाई. माझा शबुद.” तिनं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडं बघितलं. बस, एवढंच.

मग मुलीला शवविच्छेदनाला न्यायचं होतं. बाप धड उभा राहू शकत नव्हता, म्हणून सुदाम त्याच्याबरोबर गाडीत बसला. बसण्याआधी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. “शेट, पिंजऱ्याचं आन गर्दीचं पाठव. त्यो आईचा नको.” मग म्हणाला, “लई चांगला आलाय रे त्यो. मला पुसवंना झाला. मी आलो की पुसतो. पर पाठवू नको.”

हे शब्द त्याचे. एकही मी विसरलेलो नाही.

मी दुकानात आलो. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता. वडिलांना माझं हे पेपरचं काम पसंत नव्हतं — गिऱ्हाईक सोडून गावोगाव हिंडणं, ते म्हणायचे. पहिल्या पानावर माझं नाव कधी आलं नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतोय. मी पिंजऱ्याचे आणि गर्दीचे फोटो पाठवले. पेपरच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. “हे नेहमीचंच आहे. दुसरं काही आहे का?”

मी आईचा फोटो उघडला. बराच वेळ बघत बसलो. आणि पाठवला.

बोट चुकलं नाही. गडबड झाली नाही. विचार करून पाठवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, अर्ध्या पानाएवढा. खाली सुदामचं नाव. बातमीवर माझं. सुदाम सकाळीच दुकानात आला. अंक घडी न करता हातात धरला होता. वडील गल्ल्यावर बसले होते.

“शेट,” तो म्हणाला, “ह्यो कसा काय गेला?”

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या त्यानं, महिनाभर बोलला नसता. बस. पण वडील ऐकत होते. आणि मी म्हणालो, “तूच म्हणालास की. चांगला आलाय, पाठव.”

“पाठव म्हणलो मी?”

“हो.”

त्यानं डोळे मिटले. तो आठवायला बघत होता — खरोखर, मनापासून, आठवायला बघत होता. ‘चांगला आलाय’ हे तो म्हणालाच होता, ते त्याला आठवलं असणार. पुढचं त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून मानलं. “म्हणलो असंल,” तो म्हणाला. “डोकं ठिकाणावर न्हवतं माझं.”

मी पायजम्याचं कापड मोजायला घेतलं.

खोटं बोलणं एक. पण माणसाला त्याच्याच तोंडचे शब्द चोरून वेगळे करून परत द्यायचे, आणि त्यानं ते निमूट घ्यायचे — याला काय म्हणतात, मला खरंच माहीत नाही.

त्या आठवड्याच्या बाजारच्या दिवशी मुलीचा चुलता आला. भर बाजारात, स्टुडिओच्या पायरीवर, त्यानं सुदामच्या मुस्काटात मारली. सुदामनं हात वर केला नाही. चुलता म्हणाला, “शबुद दिला व्हता ना तू?” सुदाम म्हणाला, “दिला व्हता.” एवढंच बोलला. माझं नाव घेतलं नाही. घेणार कसं, त्याच्या लेखी चूक त्याचीच होती. मी समोर दुकानात उभा होतो. एका बाईला साडी दाखवत होतो. साडीची घडी माझ्या हातात तशीच राहिली आणि ती बाई म्हणाली, “अवो, पदर दाखवा ना.” मी पदर दाखवला.

त्या बातमीनंतर पेपरनं मला तालुका प्रतिनिधी केलं. वडिलांनी ते पान गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं. सुदाम दुकानात आला की ते पान त्याच्या नजरेला पडायचं. मी ते काढलं नाही. का नाही काढलं? वडिलांना काय सांगणार होतो?

काही दिवसांनी तो म्हणाला, “शेट, निमगावला जायचंय. माझ्यासंगट येतोस का? एकट्याला धीर होईना.”

गेलो मी. तुम्हाला खरं वाटेल? मी त्याच्या मागं मोटरसायकलवर बसून गेलो. आई अंगणात मेथी निवडत बसली होती. सुदाम तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “ताई, चूक माझीच हाय. मीच पाठव म्हणलो. मला आठवत न्हाई, पर मीच म्हणलो.” ती मेथीची जुडी उचलून आत गेली. दार लावलं नाही, पण पुन्हा बाहेर आली नाही. सुदाम बराच वेळ हात जोडून तसाच उभा होता. मी फाटकाबाहेर, मोटरसायकलला टेकून. दहा पावलंही नव्हती मधे. तिथंच बोलता आलं असतं. यापेक्षा सोपी जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

परत येताना तो म्हणाला, “तू आलास, बरं झालं.”

त्यानंतर तो बदलला. कुणाच्या दुःखाच्या जागी गेला की कॅमेरा पिशवीत. आणि दुसरं — हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नाही — तो स्वतःवर विश्वास ठेवेनासा झाला. लग्नाची ऑर्डर घेतली की मला विचारायचा, “शेट, मी तारीख काय सांगितली त्यांना? तू ऐकलंस ना?” साध्या साध्या गोष्टी. आपण काय बोललो, कुणाला बोललो. लोक त्यावरनं त्याची थट्टा करायचे आणि तोही हसायचा. मी प्रत्येक वेळी त्याला बरोबर ते सांगायचो. अगदी बरोबर. जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

आता शेवटचं. खरं तर मला एवढ्यासाठीच हे लिहावं लागतंय. इथवरचं कदाचित मी गिळून टाकलं असतं, जसं इतकी वर्षं गिळलं.

शोकसभा संपली. मी बाहेर आलो, तर चपलांच्या ढिगापाशी ती ताई उभी होती, निमगावच्या मुलीची आई. केस पिकलेले, डोक्यावर पदर. एकटीच आली होती, एसटीनं. मी आधी ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

“भाऊ, तुमी त्या दिशी त्यांच्यासंगट आला व्हता ना? फाटकापाशी उभं व्हता.”

मी हो म्हणालो.

“मी त्यांना काय बोलले न्हाई तवा. आत निघून गेले. ते लई मनात राहिलंय.” चपला शोधणारी माणसं आमच्या बाजूनं जात होती. “एक इचारू का? त्यांनी खरंच तो फोटू पाठव म्हणलं व्हतं? मला नंतर सारखं वाटायचं, तो माणूस असं म्हणायचा न्हाई. शबुद देताना मी त्यांचं तोंड बघितलं व्हतं. तुमी जवळचं. तुमाला ठावं असंल.”

इतक्या वर्षांत एका माणसाला त्याच्याविषयी खरं काय ते कळलं होतं. कुणी न सांगता. आणि ती फक्त माझ्या तोंडून ऐकायला एवढ्या लांब आली होती. सुदाम आता नव्हता, त्याचा राग मला सोसायचा नव्हता. वडील थकलेत, दुकान मुलगा बघतो. माझं काय जाणार होतं? काही नाही.

मी म्हणालो, “हो ताई. घाईत बोलून गेला तो.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली. “बरं,” म्हणाली. “म्या उगा काय बाय समजत व्हते.” पदर नीट केला आणि स्टँडकडं चालू लागली.

मी परत सभागृहात गेलो. खुर्च्या आवरायला माणसं कमी होती, म्हणून मीही आवरू लागलो. सुदामच्या फोटोला घातलेला हार सरकला होता, तो कुणीतरी नीट केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बाकीच्यांना म्हणालं, “राहू द्या, शेटना नका सांगू काम. त्यांचा लई जवळचा माणूस गेलाय.”

मी मान हलवली आणि खुर्चीवर बसलो.