न कापायचे देठ

आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, नाटकाच्या पोशाखांना करकोच्याच्या पिसांची झालर लावतात. पक्षी छातीएवढा उंच, टकलू, दलदलीत ढिम्म उभा. "तोंड बघावं तर रागावलेला हेडमास्तर, शेपटीखाली मात्र ढग!" असं वन्सं म्हणतात. तो ढग झडला की त्या गुडघाभर चिखलात उतरून वेचतात. उपटलेलं पीस घरात आणायचं नाही, हा वीस वर्षांचा नेम.

काल त्या बाहेर गेल्यावर मला हौस आली. टोपलीतल्या सगळ्या पिसांचे देठ मी कात्रीनं एकसारखे केले.

आज सकाळी कुणाच्या तरी तक्रारीवरून वनखात्याच्या बाई आल्या. एक पीस उचलून म्हणाल्या, "देठ कापलेत."

"माझ्याकडे देठ कापत नाहीत," वन्सं म्हणाल्या, आणि पीस हातात घेताच त्यांचा चेहरा उतरला.

"झडलेल्या पिसाचं टोक बंद, कोरडं असतं. उपटलेल्याला रक्त असतं. मग कापतं कोण, ताई?" बाईंनी भिंतीवरचा पिसं वेचण्याचा परवाना काढून टेबलावर ठेवला.

मी दारात. बोलले तर वन्संच्या नजरेतून उतरणार, गप्प राहिले तर देवाच्या.

"मी कापले. नीटनेटके दिसावेत म्हणून."

"घरचं माणूस असं म्हणणारच."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "टोकं कुठं टाकलीत?"

"केरात. केर अजून गेला नाही."

त्यांनी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. भाजीची सालं, केस, चहाचा चोथा. वन्सं आणि बाई खाली बसून एकेक टोक वेचू लागल्या. बाईंच्या डोळ्याला भिंग. बंद. कोरडं. बंद. माझं मनातल्या मनात नामस्मरण चाललेलं. मग एक टोक निघालं, त्यावर तांबडा डाग.

बाई थांबल्या. मीही नाम विसरले.

वन्संनी ते ओल्या फडक्यानं पुसलं. डाग गेला, खाली टोक बंद होतं. "चहा आहे. आमच्या वहिनीचा, कडक."

बाई पहिल्यांदाच हसल्या. शेवटचं टोक पाहून होईपर्यंत मात्र उठल्या नाहीत. जाताना परवाना स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवला.

दार लागलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. वन्संनी कात्री पेटीत टाकून कुलूप लावलं आणि टोपली माझ्यापुढे सरकवली.

"वहिनी, या घरात येऊन तुम्हाला बारा वर्षं झाली, तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. बसा. देठ आत दुमडायचा कसा, ते बघा."