गॉगलातला वॉर्ड

जगात नसलेल्या पेशंटची इतकी काळजी घेणारा माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा झाला नसेल. हा माझ्या धाकट्या जावेचा भाऊ. आम्ही दोघं खारघरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायचो. दहाएक वर्षांपूर्वी त्याने तिथे व्हीआरचा तो जाडजूड गॉगल आणला. गॉगल चढवला की मुलींना वॉर्ड दिसे, खाट दिसे, कण्हणारी आजीबाई दिसे. आम्हाला नुसत्या हवेत चाचपडणाऱ्या मुली दिसत. हा मात्र गॉगल लावण्याआधी चपला दाराबाहेर काढी, कोपरापर्यंत हात धुई आणि मोकळ्या हवेला विचारी, "आजी, रात्री झोप लागली ना?" विचारून उत्तरासाठी थांबेसुद्धा! एकदा मी म्हटलं, "चल रे जेवायला, आमटी गार होतेय." तर म्हणतो, "ताई, सलाईन संपत आलंय. आजींना असं टाकून कसा येऊ?"

मी तेव्हा निवृत्तीला टेकलेली मोठी विदुषी. "आम्ही मोसंब्यांवर इंजेक्शनं शिकलो," हे त्याला रोज ऐकवायचे. मोसंब्यांनी मी इतकी चढून गेले होते, की पहिला खरा पेशंट 'आई गं' करून हलला तेव्हा त्याच्यावर खेकसले होते, "मोसंबी हलते का कधी?" हे मात्र गाळायचे. शेवटी एकदा मीही गॉगल चढवला, दमले म्हणून आतल्या खाटेच्या कडेवर टेकले आणि धाडकन फरशीवर बसले. हा धावत आला तो म्हणत, "ताई, आजींच्या अंगावर नाही ना पडलात?"

त्या वर्षी उरणच्या मोरा बंदरावरची, कोळ्यांची एक मुलगी होती. हातभर घोळ मासा सपासप कापणारी, पण वॉर्डात पहिल्याच दिवशी नाडी मोजताना पेशंट हातातच गेला. तेव्हापासून माणसाला हात लावायचा म्हटलं की मागे सरे. कोर्स सोडून घरी निघाली होती. त्याने तिला गॉगल लावून बसवलं. मिनिटभरात ती ओरडली, "सर, या बायेच्या हाताला हातच नाय! आमी धरू काय?"

मी मनातल्या मनात जिंकले. त्याने स्टूल ओढलं, तिला आतल्या आजींचा हात जिथे दिसत होता, त्याला पाठ असलेल्या बरोबर त्या जागी आपलं मनगट धरलं आणि म्हणाला, "आता मोज." पंधरा दिवस हा प्रकार चालला. गॉगलातल्या आजी कधी जगत, कधी जात. बोटांखालची त्याची नाडी आपली चालूच.

मग एका सकाळी ती खऱ्या वॉर्डात, खऱ्या आजींच्या खाटेपाशी गेली. आम्ही मागे उभे. तिने क्षणभर डोळे मिटले, आजींचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने खाटेभोवतीचा पडदा आमच्या तोंडावर ओढला.

तो पडद्याबाहेर आपलं मनगट चोळत राहिला. "ताई, काही ऐकू येतंय?"

"मोजतेय," मी म्हणाले. खरं तर मला काहीच ऐकू येत नव्हतं.