वरून फोन

माझी लेक नर्स आहे. अमेरिकेत जाऊन, तिथली परीक्षा देऊन तिने लायसन मिळवलं आणि तीन वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात काम केलं. मग जावयांची नोकरी बदलली आणि दोघं देशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका राज्यात राहायला गेली. खोकी उघडायच्या आत तिचा फोन आला, "आई, माझं लायसन इथं चालत नाही."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. देश तोच, झेंडा तोच, सलाईनची बाटलीसुद्धा तीच! पण राज्य बदललं की तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे नव्याने अर्ज करायचा, पार कोल्हापूरच्या कॉलेजपासूनचे कागद मागवायचे आणि नंबर येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा.

पहिल्या महिन्यात ती हौसेने पडदे शिवत होती. तिसऱ्या महिन्यात "आज काय केलंस?" विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर यायचं. पाचव्या महिन्यात म्हणाली, "आई, शीर कशी शोधायची तेच मी विसरेन गं." या कामापायी तिने दहा वर्षं काढली होती, आणि ते तिच्या हातून निसटत चाललं होतं.

अशा वेळी आमच्याकडे एकच औषध असतं, वरून फोन. माझ्या थोरल्या भावाचं शाहूपुरीत दुकान आहे आणि गल्लीपासून दिल्लीपर्यंत त्याची ओळख आहे, निदान तो तसं सांगतो. मी त्याला घरी बोलावलं, लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"त्यात काय अवघड हाय?" भाऊ म्हणाला. "दिल्लीत आपला मानूस हाय, त्यो सांगंल की वकिलातीत. वॉशिंग्टनवरनं एक फोन गेला की फाईल पळतीय बघ."

कित्येक दिवसांनी लेक हसली. "मामा, वॉशिंग्टनचा इथं संबंधच नाही. देशात राहायची आणि काम करायची परवानगी त्यांनी दिली, त्यांचं काम संपलं. नर्स कोणाला म्हणायचं ते राज्य ठरवतं. प्रेसिडेंटनी स्वतः फोन केला तरी बोर्डातली बाई 'थँक्यू' म्हणून ठेवून देईल."

"मग त्या बाईच्या वर कोन हाय?"

"बोर्ड."

"अन् बोर्डाच्या वर?"

"राज्य."

"अन् राज्याच्या वर?"

"यात कोणीच नाही, मामा."

भाऊ माझ्याकडे वळला. "म्हंजे संस्थानंच हायत की गं ती अजून!"

मी हसले खरी, पण मग मला माझा नागरिकशास्त्राचा तास आठवला. 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. संघराज्यात अधिकारांची विभागणी असते, हे वाक्य मुलांकडून अधोरेखित करून घेतलं होतं. मनातून त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मोठा साहेब तो मोठा साहेब, बाकी सगळं परीक्षेपुरतं! आणि इथे, ज्या सरकारच्या एका शब्दाने जग हादरतं, त्याला स्वतःच्याच देशात एका नर्सचा अर्ज चार जागा पुढे सरकवता येत नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मी थक्क झाले.

मग मी लेकीला रोज सकाळी खोदून खोदून विचारू लागले. एका राज्यात ज्या गुन्ह्याला मृत्युदंड, त्याला शेजारच्या राज्यात जन्मठेप. सैन्य आणि चलन वॉशिंग्टनचं, पण शाळा आणि लग्नाचा दाखला राज्याचा. "गुण्यागोविंदाने चालतं असं समजू नकोस," ती म्हणायची. "वॉशिंग्टन ओढत असतं, राज्यं सोडत नाहीत, रोज कोर्टात भांडतात." मला त्या भांडणाचंही अप्रूप वाटायचं. आमच्याकडे वरच्याशी भांडायला कोर्टापर्यंत जातं कोण?

सातव्या महिन्यात लायसन आलं.

"आई, माझा नंबर लागला!" ती म्हणाली. "माझ्या आधीचे सगळे झाले, मग मी." कोणाचे उपकार नाहीत की कोणाला हात जोडणं नाही. तिच्या आवाजातला तो ताठपणा ऐकून मला अभिनंदन म्हणायचं होतं, पण मला गडहिंग्लजचा एसटी स्टँड आठवला.

लेक दोन वर्षांची असताना मी गडहिंग्लजला शिकवत होते. भावाने वरून एक फोन आणला आणि आठ दिवसांत माझी कोल्हापूरला बदली झाली. बदलीच्या यादीत पहिलं नाव आमच्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंचं होतं. त्यांचे यजमान कोल्हापुरात अंथरुणाला खिळलेले, आणि त्या दर शनिवारी एसटीने त्यांच्याकडे जायच्या. मी निघाले त्या दिवशी त्या स्टँडवर आल्या. मी गर्दीतून जागा धरेपर्यंत त्यांनी माझ्या लेकीला कडेवर घेतलं आणि मग खिडकीतून माझ्या हातात दिलं. त्यांना सगळं माहीत होतं.