आठबोटीने परत आणलेली चार मिनिटं

तिला आठबोटी म्हणायचं ते तोंडावर. पाठीमागे म्हटलेलं तिला खपत नसे.

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं इस्त्रीच्या रुळावर होती. रूळ म्हणजे पिंपाएवढं तापलेलं लोखंड. ओली चादर एका बाजूने आत जाते, कडक होऊन दुसरीकडून बाहेर येते. एकदा चादरीबरोबर तिची डाव्या हाताची दोन बोटंही आत गेली. मुकादमाने धावत येऊन आधी चादर उलटीपालटी करून पाहिली, डाग किती पडलाय ते. तिने उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली आणि मग बेशुद्ध पडली. हा क्रम ती आवर्जून सांगते.

कामावरून काढल्यावर ती आमच्या संघटनेत आली आणि टाइप करायला शिकली. बटणं अशी आपटायची की खालचा पंक्चरवाला ओरडायचा, "सेक्रेटरी, त्या बाईला सांगा, माझ्या डोक्यावर खिळे ठोकतेय!" सेक्रेटरी म्हणजे मी.

मालकाच्या गुंडांनी आमची खोली दोनदा फोडली होती. म्हणून आम्ही पुराव्याच्या फोल्डरांना भलतीच नावं द्यायचो आणि दर एक तारखेला ती बदलायचो. नियम माझा, पाठांतर तिचं. तिच्या धाकट्या भावाचा जबडा त्याच गुंडांपैकी चौघांनी कारखान्याच्या फाटकाशी फोडला, त्याचं चित्रणही असंच ठेवलेलं. ज्या बाईने ते समोरच्या गच्चीवरून काढलं, तिचा फोन त्यांनी दुसऱ्याच दिवशी दगडाने ठेचला. राहिली ती आमच्या कॉम्प्युटरवरची एकच प्रत. दुसरी काढली तर बाहेर फुटेल असं मी म्हणालो होतो. शहाणपणा माझा.

सुनावणी चार दिवसांवर आली. जबान्या छापायच्या तर कॉम्प्युटर म्हणे, जागा नाही. तिने "गळका नळ" नावाचं फोल्डर उडवलं. गेल्या महिन्यात त्यात घरमालकाला लिहिलेली पत्रं होती. या महिन्यात भावाचा जबडा होता. वर कचरापेटीही रिकामी केली. साफसफाईची भारी हौस.

दुपारी भाऊ आला. दात तारेने बांधलेले, बोलणं दातांच्या फटीतून. त्याला दाखवायला म्हणून तिने चित्रण शोधलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"उडालं," ती म्हणाली. "मीच उडवलं."

तिने टेबलावर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा रक्त आलं. भावाने तिचे केस धरून डोकं मागे ओढलं, मला वाटलं थांबवायला. त्याने खुर्चीला लाथ घातली आणि ती खुर्चीसकट भिंतीवर गेली.

"अकरा आठवडे पातळ पेज पितोय मी, ताई! नळीने!"

"मार," ती म्हणाली. "अजून मार. मग उठून फोन लावते."

तिने उठून दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तोवर मी पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागलो होतो. मला वाटतं मला सगळं येतं. शाळेत न जाता एवढं शिकलो त्याची ही मस्ती.

फोनमधून दुरुस्तीवाला किंचाळला, "बंद करा ते! पुसलं म्हणजे मेलं नाही, नुसता पत्ता खोडलाय. त्या जागेवर नवीन काही बसवलंत की संपलं. वायर उपटा!"

"सेक्रेटरी, हात काढ."

"दोन मिनिटं थांब. मला नको शिकवूस."

तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला. खरोखरचा, दात हाडाला लागेपर्यंत. मी हात झटकला तेवढ्यात तिने भिंतीतली वायर उपटली, कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरला आणि जिना उतरली.

आमचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत गेलेला. समोर मालकाची दोन माणसं रोज आमच्यावर पाळत ठेवून उभी असत, ती पुढे झाली.

"काय बाई, एवढं काय घेऊन चाललीस? आण, ओझं आहे."

"बाजूला हो, मेल्या."

पहिली लाथ कंबरेत बसली. ती डब्यावर पालथी पडली आणि उठेना. दुसरा बुटाने तिच्या पाठीवर, मानेवर हाणत राहिला, डबा पोटाखाली. मी आणि तिचा भाऊ खाली पोचलो तोवर तिने पंक्चरवाल्याची टायर काढायची कांब ओढून घेतली होती आणि एकाच्या नडगीवर मारली होती. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा असतो. तो खाली बसला. तिने दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदाही. शेवटी पंक्चरवाल्याने मागून मिठी मारून तिला आवरलं. "बास, मरेल तो!" तोवर दुसरा पळाला होता.

दुरुस्तीवाल्याने तिचं रक्ताळलेलं तोंड बघून विचारलं, "नक्की कुणाला दुरुस्त करायचंय?"

"त्याला. मला वेळ आहे."

त्याने आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली आणि मग नकलेत शोधत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा तिघांना बोलावलं.

"शेवटची सेव्ह केलेली फाइल गेली. सेक्रेटरीसाहेबांचं सॉफ्टवेअर बरोब्बर तिच्यावर बसलंय. पण त्याच्या आधी कुणीतरी उडवलेली एक मिळाली. लांब आहे. चार मिनिटं."

ती फाइल मी उडवली होती, आठबोटीला न सांगता.

पडद्यावर फाटक. कामगार आत सोडा म्हणताहेत. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी हात जोडून नाही म्हणतोय. मग तिचा भाऊ ढकलगाडीचा दांडा उपसून त्याच्या कानशिलात घालतो. म्हातारा पडतो. भाऊ अजून एक घालतो, पडलेल्याला. त्यानंतर ते चौघे धावत येतात आणि पुढचं आम्हाला पाठ होतं.

"सुरुवात कुणी कापली होती?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो. "खटला वाचवायला."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. भावाला म्हणाली, "आजोबा म्हणायचास ना रे त्यांना? कुठायत ते?"

"गावी गेले." दातांतून हवा आली. "ऐकू येत नाही म्हणे एका कानाने."

"परत कापायला दोन मिनिटं," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

"ताई, काप," भाऊ म्हणाला. "माझ्यावरच केस होईल. ते चौघे सुटतील."

"सुटणार नाहीत. तेही दिसतायत यात."

"ताई, मी तुझा भाऊ आहे!"

तिने उलट्या हाताने त्याच्या दंडावर मारलं, जबड्याला धक्का लागणार नाही असं बघून. त्याने तिला खाली पाडलं. दोघंही रडत होती. तो तिला लाथा घालत होता, ती खात होती, आणि मध्ये पडलो तर मीही खाल्ल्या असत्या, म्हणून नाही पडलो. ती उठली तेव्हा ओठ फाटला होता.

"झालं? आता ऐक. कापलेलं पुढे केलं आणि मालकाच्या लोकांनी म्हाताऱ्याला साक्षीला उभं केलं, तर तुझ्या जबड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि त्यांनी नाही केलं, तरी मी बघितलंय."

चारही मिनिटं तीन जागी उतरवून घेतली. दुरुस्तीवाल्याने तिला त्याच्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची दिली. भावाची जबानी नव्याने लिहायची होती. तो बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला, मग शेजारी येऊन बसला.

"सांग," ती म्हणाली.

"त्या दिवशी ते चौघे फाटकातून…"

"त्याच्या आधीचं."

त्याने डोळे मिटले. दातांच्या फटीतून एकेक शब्द काढत म्हणाला, "फाटकावर म्हातारा होता. तो हात जोडत होता."

तिने ते टाइप केलं.